काळी चार

मी पेटी बोलतीय. पैशाची न्हाई, कपड्याची न्हाई, भजनातली. आन आदीच सांगते राव, मी लई कावलेय.

कुंडलिकबाबानं मला जुन्नरच्या इस्माईलभाईकडनं आणली. बाबा वाजवायचा, त्याची बायको साळुबाई गायची. तिचा गळा काळी चारचा, म्हंजी माझ्या काळ्या पट्ट्यांतली चौथी, तिथनं तिचं गाणं सुरू.

मला एकच खोड. सगळी चिडीचूप झाली का मला ऱ्हावत न्हाई. भजनाच्या बुवांनी डोळं मिटलं का मी आपली, "पूंऽऽ!" तीच काळी चार. पोरं फिदीफिदी हसायची, बाबा मला चापट मारायचा.

मग घोडेगावच्या वळनाला लेकीची गाडी टेम्पोनं मागनं ठोकली. डिक्कीत मी! मानसं वाचली, माझा भाता फाटला, सूर निखळलं. इस्माईलभाई म्हनला, "व्हईल नीट, पर खर्च लई हाये, कुंडलिकभाऊ." लेक तेजस्विनी म्हनली, "बाबा, गाडीतल्या सामानाचाबी विमा काढलाय मी."

साळुबाईनं सांगून टाकलं, "पेटी नीट व्हईस्तवर मी तोंड उघडायची न्हाई." तवापास्नं घर मुकं.

विम्याच्या सायबाचा फोन आला. हंगाम द्राक्षांचा.

"डिक्कीत काय होतं?"

"पेटी, सायेब."

"कसली? काळी?"

बाबा खूस! सायेब गान्यातला दिसतोय. "व्हय व्हय, काळी चार!"

झालं. सायबानं वर कळवलं, काळ्या द्राक्षांच्या चार पेट्या. शेतमाल सामानात बसत न्हाई, विमा नामंजूर.

बाबानं मला उचलून हापिसात नेली, सायबाच्या टेबलावर आदळली. "घ्या सायेब, तुमची द्राक्षं. धुवून खावा."

सगळं हापिस खिदळलं. सायेब वरमला. "बरं काका, चूक झाली. पण ही अजिबात वाजत नाही ना?"

"एक सूर निघंल तर शपथ."

सायबानं भात्यावर हात ठेवला. हापिस गप. साळुबाई बी संगं आलेली, दाराशी हात जोडून हुभी. आसली शांतता मला कुठली सोसतीय? भात्याच्या कोपऱ्यात चिमूटभर हवा उरलेली...

"पूंऽऽ!"

"वाजतेय की, काका! मग नुकसान कसलं?"

"आवो सायेब, एका सुरात गाणं व्हतंय व्हय?" बाबा वरडला. पर सायबानं पुढच्या मानसाला हाक मारली बी.

आता मी कांद्याच्या पोत्यांशेजारी पडलेय. तुमच्या वळखीचा कुनी विमेवाला आसंल तर त्याला येवढं सांगा, पेटी म्हनलं का आदी इचार, खायची का गायची.

काल साळुबाई आली. माझ्यावरचं फडकं काढलं, भाता हलवला, काळी चार दाबली. मी जीव खाऊन जोर लावला, राव. साधं फुस्स बी न्हाई.

तिनं फडकं परत टाकलं, आन इतक्या दिसांनी तोंड उघडलं.

"तितं बोंबललीस, मेले. आन हितं का मुकी?"