पुस्तकातला न्हावी

त्या पत्राला दोमलांनी बरेच दिवस उत्तर दिले नव्हते. तुतीखालच्या चौथऱ्यावर ते माझ्याच बुडाखाली दडपलेले असे. वारा आला की त्याचा कोपरा फडफडायचा आणि दोमलांचा हात लेखणीवरून उठायचा.

मित्रांनो, मी एक जुनी चहादाणी आहे. कादंबरीकाराच्या घरात राहिले म्हणून मला लेखनातले कळते, असे म्हणण्याचे धाडस मला नाही. पण दोमलांनी, म्हणजे आमच्या लेखक गुरुजींनी, जे लिहिले, ते माझ्याभोवती बसून लिहिले, एवढे खरे.

माझा जन्म रिश्तान गावच्या कुंभारभट्टीतला. माझ्या पोटावर निळी वेल काढणाऱ्या म्हाताऱ्याने मला उन्हात फिरवून पाहिले आणि "टिकेल पोरगी," असे म्हटले. कोकंदच्या बाजारातून दोमलांच्या पत्नी खोसियतआपांनी मला घरी आणले. पुढे एका हिवाळ्यात मी तडकले. सांधणाऱ्याने मला पितळी टाके घातले, तेव्हापासून आपा टाक्यांची बाजू पाहुण्यांना दिसू देत नसत.

आमच्याकडे पाहुण्याला पियाला भरून देत नाहीत. तळाशी घोटभर चहा ओततात. त्याने पुन्हा मागावा, बसून राहावे म्हणून. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे 'प्या आणि निघा'. दोमला म्हणत, "माणूस काय बोलतो ते नंतर ऐकावं. तो दुसऱ्याला किती ओततो, ते आधी बघावं." घरात, गल्लीत, नानच्या भट्टीपुढच्या रांगेत ते असेच बघत राहात. त्यांच्या कादंबऱ्यांत राजे नव्हते, लढाया नव्हत्या. शेवटच्या कादंबरीत तर एक न्हावीच होता. तो गिऱ्हाइकाला म्हणतो, "माझ्या दुकानात माणूस राजीखुशीनं मान वाकवतो. बाहेरचं मला विचारू नका."

हे वाक्य शेजारच्या सोत्तीबोय न्हाव्याचे होते. दोमलांची दाढी करताना, इथेच, तुतीखाली तो बोलला होता.

पुस्तक निघाले आणि शहरातल्या कचेरीतून ते पत्र आले. पुस्तकातल्या न्हाव्याचे वाक्य आपण कोणाकडून ऐकले? नाव व पत्ता कळवावा. बस, एवढेच. पण त्या वर्षी मागच्या गल्लीतल्या पुस्तक बांधणाऱ्याचाही कोणीतरी नाव-पत्ताच विचारला होता. तो परतला नव्हता; त्याचे बूट अजून त्याच्या दाराशी होते.

दोमलांना वाटले, उत्तर दिले नाही तर कचेरी विसरेल. कचेरी विसरली नाही. एका सकाळी कोमिलोव नावाचे साहेब स्वतःच अंगणात आले, टोपी काढून चौथऱ्यावर बसले. आपांनी मला उचलले आणि त्यांचा पियाला काठोकाठ भरला.

साहेब हसले. "आपा, एवढा चहा? मग आम्हाला बसावंच लागेल." ते फुंकर घालत, सावकाश पिऊ लागले.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "दोमला! दाढी वाढलीय की लपून बसलाय तिच्यात?" सोत्तीबोय आला होता. पेटी खाली ठेवून त्याने पाहुण्याला सलाम केला. "साहेब शहरातले दिसतात. वाचलंत का आमच्या दोमलांचं पुस्तक? त्यातला न्हावी..."

"वाचलंय," साहेब म्हणाले. "फार आवडला तो न्हावी. कोण आहे तो?"

सोत्तीबोयची छाती फुगली. गेला महिनाभर तो गिऱ्हाइकांना हेच सांगत होता. माणूस उपाशी राहू शकतो, अनोळखी राहू शकत नाही, असे दोमला म्हणत. आता तेच समोर घडत होते.

"मी आहे तो न्हावी," दोमला म्हणाले.

"काय बोलता दोमला! अहो, ते वाक्य तर माझं..."

"तुझं?" इतक्या कडू आवाजात दोमला कधी बोलले नव्हते. "तुझ्या तोंडात असलं वाक्य येईल? साबणाच्या फेसाशिवाय तुझ्या डोक्यात आहे काय, सोत्तीबोय? लोकांपुढं मिरवतोस, लाज नाही वाटत?"

सोत्तीबोयचा चेहरा उतरला. त्याने आपल्यासाठी मांडलेला रिकामा पियाला पालथा घातला, पेटी उचलली आणि आपांकडेही न बघता तो निघून गेला.

"मग तसं लिहून पाठवा," साहेब टोपी घालत म्हणाले. "सहीनिशी."

दोमलांनी लिहिले. एकच ओळ. आपा म्हणाल्या, "अहो, निदान त्याला खरं सांगून तरी या."

"सांगितलं तर चौकात उभा राहून ओरडेल, वाक्य माझंच आहे म्हणून."

आपा हसल्या, आणि मग त्यांना हसवेना. उन्हाळा होता, तरी त्यांनी पेटीतून लोकरीचा अंगरखा काढून दोमलांच्या हातावर ठेवला. माणसांना नेतात तिकडे फार थंडी असते, असे म्हणत. दोमलांनी अंगरखा घेतला.

मित्रांनो, तडकलेली चहादाणी सांधणारा बाजारात मिळतो. तोंडून सुटलेला शब्द सांधणारा मिळत नाही. म्हणून कोणी विश्वासाने तुमच्यापुढे हसून काही बोलला, तर तो शब्द जपा. त्याच्यासाठीही जपा.

फाटक उघडेच होते. मला गल्लीचा कोपरा दिसत होता. दोमला न्हाव्याच्या दुकानासमोर आले, तेव्हा सोत्तीबोयने त्यांच्याकडे पाठ फिरवली. दोमला क्षणभर थांबले, मग पुढच्या भिंतीवरच्या निळ्या टपालपेटीत त्यांनी उत्तराचे पाकीट टाकले.