एक सोडून एक धागा

या, असे जवळ सरकून बसा. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. रफूच्या कामासारखी आहे, डोळे जवळ न्यावे लागतात. एका बापाची गोष्ट आहे, सावकाश सांगायची.

एका बोळाच्या टोकाला, उत्तरेच्या खिडकीशी एक रफूगर बसायचा. फाटलेलं, जळलेलं, कसरीच्या किड्याने खाल्लेलं कापड असं भरून द्यायचा की कपड्याच्या धन्यालाही जागा सापडू नये. काम फक्त दिवसाउजेडी. दिवा लावला की रंग खोटं बोलायला लागतात म्हणायचा, आणि सुई उशीत टोचून उठायचा. तीन वर्षांपूर्वी देवाने त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. आता त्या खिडकीशी त्याची लेक बसते.

लेकीचं एक दुखणं होतं. बाबांचा चेहरा तिला पुसट होत चालला होता. आवाज तर केव्हाच विरला. सुताराची मुलगी खुर्चीवरून हात फिरवते आणि म्हणते, ही माझ्या बाबांनी केली. हिने कशावरून हात फिरवावा? ज्याचं काम नजरेला पडलं की फसलं, त्याची खूण राहणार कुठे?

आई म्हणायची, "माणूसच तसा होता गं. घरात आहे की नाही, पत्ता लागायचा नाही. कप रिकामा दिसला की समजायचं, येऊन चहा पिऊन गेले."

तर एका सकाळी गणिताचे म्हातारे मास्तर राखाडी लोकरी कोट घेऊन आले. छातीशी कसरीने बोटभर भोक पाडलेलं.

"नातीला परवा पदवी मिळणार आहे. कसरीने माझ्याआधीच मेजवानी उरकली बघ," मास्तर म्हणाले. "आणि पोरी, हा कोट बारा वर्षांपूर्वी तुझ्या बाबांच्या हातून एकदा गेलाय. फळ्याच्या खिळ्याने एवढा फाटला होता." त्यांनी चार बोटं दाखवली.

तिची सुई हातातच राहिली. "कुठे फाटला होता?"

"पाठीला... का बाहीला? अगं, तेव्हाच घरी नेऊन शोधला तर सापडेना. आता काय सांगू?"

"आठवा ना, मास्तर!"

"जन्मभर पोरांना हेच म्हणत आलो, आठवा, आठवा. आज कळलं बिचाऱ्यांना कसं वाटायचं ते."

मास्तर गेले आणि तिने कोट खिडकीत धरला. सुलटा पाहिला, उलटा पाहिला. मग भिंग लावलं. भिंगाखाली कोट कोट राहिला नाही. धुक्यातलं नांगरलेलं रान झालं, राखाडी सऱ्यांमागून सऱ्या. त्या रानात ती भान हरपून हिंडत राहिली. कुठेतरी बाबा पुढे चालले आहेत, आत्ता या बांधापलीकडे दिसतील, असं वाटावं, आणि बांध ओलांडला की पुन्हा तेच शांत रान. डोळे मिटून तिने पाठीवरून, बाह्यांवरून बोटं फिरवली. ना गाठ, ना उंचवटा.

"सापडले का?" आईने दारातून विचारलं.

"नाही. इतकं कशाला लपायचं माणसाने?" ती चिडून म्हणाली. डोळे भरून आले होते.

"जेवून घे आधी. उपाशीपोटी मला तर समोरचा माणूस सापडत नाही."

दुपार कलली. उजेड जायच्या आत काम तर व्हायला हवं. भोक भरायला धागा बाहेरचा चालत नाही, त्याच कपड्याचा लागतो. तो काढायचा आतल्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही. तिने कोटाच्या खालच्या कडेची दुमड उसवली, आणि हात थांबले.

दुमडीतलं कापड विरळ होतं. कुणीतरी आधी इथून धागे नेले होते. एक काढलेला, एक ठेवलेला. एक काढलेला, एक ठेवलेला. वीतभर असंच, एकदाही न चुकता.

शिकत असताना तिने एका झग्याच्या दुमडीतला पट्टाच्या पट्टा ओढून काढला होता. सोपं पडतं, आणि आत कोण बघतंय! बाबा रागावले नव्हते. चष्मा पुसत म्हणाले होते, "कापड पुन्हा फाटणारच की गं. तेव्हा जो भरायला बसेल, त्याने धागा कुठून घ्यायचा?"

"तो कोण?"

"असेल कुणीतरी."

त्या खिडकीत, त्या उजेडात, आवाज जसाच्या तसा तिच्या कानाशी आला. 'असेल कुणीतरी.' ती कुणीतरी होती. बारा वर्षांमागे बाबा इथे बसले होते आणि तिच्यासाठी, नाव न घेता, निम्मे धागे ठेवून उठले होते. ती त्यांना भरलेल्या जागी शोधत होती; ते होते जिथून घेतलं त्या जागी.

तिने त्या विरळ पट्टीवरून तळहात फिरवला. मग सुई ओवली. उरलेल्यांतूनही तिने एक काढला, एक ठेवला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कोट चढवला आणि छाती चाचपत म्हणाले, "भोक कुठे होतं गं?"

"आठवा," ती म्हणाली, आणि दोघं हसली.

इतकीच गोष्ट. आता एक मागणं आहे, ऐकाल ना? त्या रफूगराला तुम्ही पाहिलेलं नाही. पण पुढ्यातल्या कशातलं तरी निम्मं मागून येणाऱ्या कुणासाठी ठेवून उठाल, तेव्हा घडीभर त्याची आठवण काढा.