मंदावत गेलेली पोथी

मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी सुधाकररावांना काळा चष्मा दिला आणि बजावलं, अंधुक दिसू लागलं तर तडक या. प्राकृत व्याकरणात हयात घालवलेले सुधाकरराव मुलाकडे, जयपूरला, विश्रांतीसाठी आले होते. मुलगा निहार ॲप बनवायचा. वडिलांना फोनवर पोथ्या वाचता याव्यात म्हणून त्यानं खास एक ॲप केलं होतं.

काही दिवसांतच पोथीची अक्षरं विरत चालली. चष्म्यातून अवघं जगच सावळं, पडताळायचं कशाशी? डॉक्टरांकडे जायला हवं होतं. पण पुराव्याशिवाय विद्यार्थ्यांना अवाक्षर बोलू न देणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्या बाबतीत पुरावा गोळा करायचंच टाळलं. पोथी तेवढी रोज उघडत राहिले.

एका सकाळी गॅसच्या ओटीपीसाठी सुनेनं, कौमुदीनं, त्यांचा फोन उचलला; बुकिंगला त्यांचाच नंबर दिला होता.

"बाबा, अहो, काळंठिक्कर आहे हे! मतलब, तुम्ही वाचता कसं?"

"तुला दिसत नाही? नक्की?"

"डोळे फाडून बघतेय. नाहीच दिसत."

सुनेला न दिसण्यानं कुठल्याही सासऱ्याला एवढा आनंद झाला नसेल. मग निहारला हाक गेली. थंड, स्पष्ट उच्चारांची.

निहारनं उजेडाची पट्टी सरकवली. अक्षरं लख्ख उमटली.

"चूक माझी, बाबा. ॲप उघडलं की डोळ्यांना आराम म्हणून उजेड थोडा कमी करतं. बंद होताना पूर्ववत करायचं मी लिहिलंच नाही. मग पुढच्या वेळी कमी झालेल्यातून आणखी कमी."

"आणि हे फक्त ॲपपुरतं नाही?"

"अख्ख्या फोनचं सेटिंग बदलतं. तशी परवानगी तुम्हीच दिलीत की."

"मी? न वाचता?"

"अक्षर बारीक होतं."

"तळटीपांवर जगलेल्या माणसाला हे सांगतोस? आधीचा उजेड टिपून ठेव आणि निघताना परत कर. पाहुणासुद्धा यजमानाचा दिवा मालवून जात नाही. आणि दुरुस्ती माझ्या फोनवर तपासू नकोस."

"मग कुणाच्या?"

"तुझ्या सासऱ्यांच्या."

"माझे बाबा काय वाटेवर पडलेत?" कौमुदी म्हणाली.

सुधाकररावांनी ते ऐकलं नाही. पान मोठं करून ते एका ओळीवर खिळले होते. कुण्या जुन्या लेखनिकानं तिथं ढळढळीत चूक केली होती, आणि ती त्यांना स्वच्छ दिसत होती.