चव बघणं म्हणजे काही खाणं नव्हे

पंख्यांच्या कारखान्यातल्या कॅन्टीनचे मुख्य आचारी म्हणजे वस्ताद. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. चार-पाचशे माणसांचं दुपारचं जेवण हा गडी हसतहसत रांधायचा, आणि मीठ कधी चमच्याने घालायचा नाही. चिमटीने घालायचा. पातेलं मोठं असेल तर चिमट्या जास्त, एवढाच त्यांचा हिशोब. नेमकी त्या चिमटीवरच गदा आली.

सकाळी उठलं की बोटं सुजलेली, लाल, गरम. अंगठा तर्जनीपर्यंत पोचेचना. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची आणि वस्ताद छताकडे बघत उभे राहायचे, जणू शर्ट दुसऱ्याच कुणाचा आहे. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी थोडं बरं वाटायचं, पण थोडंच.

"जुनाट संधिवात आहे हा," त्या म्हणाल्या. "शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. गोळ्या चालूच ठेवायच्या, पण जोडीला जेवण बदलून बघू. काहींना फरक पडतो, काहींना नाही. काही आठवडे गहू, मैदा, दूध, साखर, तळलेलं, सगळं बंद. सूज उतरली तर एकेक पदार्थ परत आणू, म्हणजे कोण छळतंय ते कळेल."

"आणि नाही उतरली तर?"

"तर औषध वाढवू. आणि मग तुमच्या कामाचाही विचार करावा लागेल. ही पातेली, ही सुरी, या हातांनी किती दिवस जमणार?"

औषधाचं वस्तादांनी ऐकलंच नाही. 'कामाचा विचार' एवढेच शब्द कानात अडकून बसले. स्वयंपाकघर सुटलं तर आपण कोण, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ते घाबरले होते.

घाबरलेला माणूस पथ्य पाळतो तसं त्यांनी पाळलं. घरी भात, उकडलेल्या भाज्या, मासा, फळं. पाव बंद, दुधाचा चहा बंद. बायको चहात बिस्किट बुडवायला लागली की हे उठून गॅलरीत जायचे आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहायचे. बातमी नातेवाइकांत पसरायला वेळ लागला नाही. बहिणीने फोनवर टोमॅटो आणि वांगी सोडायला सांगितलं. साडूने छातीठोकपणे सांगितलं की टोमॅटो सोडूच नका, आंबट सोडा. टोमॅटो आंबट असतो की नाही यावर दोघांचं वाजलं, आणि वस्तादांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत 'आता बरं दिसतं, की मघाशी?' हे दिवसभर विचारायची तिला सवय. सकाळी नवऱ्याची बोटं हातात घेऊनही ती तेच विचारायची.

"आज बरं, की काल?"

"काल," वस्ताद म्हणायचे. "नाही, आज. थांब जरा. कालच असेल."

"अहो, बोटं तुमची आहेत की माझी?"

बोटांचं काही कळत नव्हतं हे खरं. एक दिवस उतरायची, तीन दिवस चढायची. वस्तादांनी थंड पाण्यावर संशय घेतला, मग उशीवर, मग नव्या साबणावर. एकदा तर कारखान्याच्या मॅनेजरवर घेतला, कारण तो भेटून गेला की हटकून दुखायचं.

मग कारखान्याचा बॉयलर बिघडला आणि आठवडाभर सगळं बंद राहिलं. वस्ताद घरी बसले. दिवसागणिक बोटांची लाली उतरत गेली, आणि एका सकाळी त्यांनी आपल्या शर्टाचं वरचं बटण आपल्या हाताने लावलं. बायकोने ते बघितलं आणि ती पदराने डोळे पुसायला आत गेली. पथ्य लागू पडलं म्हणून दोघं त्या दिवशी उगीचच बाजारातून लांबवर फिरून आले.

कारखाना सुरू झाला आणि चार दिवसांत बोटं परत टम्म.

"जेवण तेच," बायको म्हणाली. "मीच वाढते, मीच बघते. डबाही मीच भरते. मग बदललं काय? काम. अहो, ते कामच तुम्हाला खातंय."

वस्तादांना तोंडात मारल्यासारखं झालं.  हिशोब सरळ होता आणि तो त्यांच्या विरुद्ध जात होता. दोन दिवस ते घुश्शात राहिले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ठीक आहे. सोडतो. पण मॅनेजरशी तू बोल. मला नाही जमणार."

म्हणून त्या दिवशी बायको दुकानातून सुट्टी घेऊन कॅन्टीनमध्ये आली. जेवण बाहेर गेल्याशिवाय वस्ताद चुलीपासून हलणार नव्हते, तेव्हा तिला कांद्याच्या पोत्यांशेजारी स्टुलावर बसवण्यात आलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला काम करताना ती पहिल्यांदाच बघत होती. मदतनीस होता तो त्यांच्याच वयाचा एक शांत गृहस्थ. सगळे त्याला घुम्या म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नाला तो फक्त 'हं' म्हणायचा. तो कापायचा, ढवळायचा, उचलायचा. पळी मात्र वस्तादांच्या हातात.

आणि ती पळी काही केल्या स्वस्थ बसत नव्हती. भाजीचं दाट सूप होतं, मैदा परतून दूध घातलेलं. वस्तादांनी पळी बुडवली, तळहातावर थेंब घेतला, चाटला. मीठ. ढवळलं. परत चाटला. मिरपूड. परत. तिकडे पुडिंग होतं, त्यात बोट घातलं, मान हलवली, साखर टाकली, पुन्हा बोट. तळलेल्या माशाचा तुकडा मोडून तोंडात टाकला, कुरकुरीत आहे का बघायला. पाव आला, त्याचा कोपरा तोडला. सगळं इतकं सहज, की श्वास घ्यावा तसं.

बायको स्टुलावरून उठली.

"हे काय चाललंय?"

"काय?" वस्तादांनी मागे वळून बघितलं. तोंडात पाव होता.

"खाताय तुम्ही."

"मी? खातोय कुठे?"

"तोंडात काय आहे मग?"

वस्तादांनी गिळलं. "अगं, चव बघतोय. चव बघणं म्हणजे काही खाणं नव्हे."

हे ते मनापासून बोलत होते. थाप मारत असते तर बायकोने तिथल्या तिथे पकडली असती, तो तिचा हातखंडा. पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता. त्यांनी घुम्याकडे बघितलं. "मी खातो का रे कधी इथे?"

"हं," घुम्या म्हणाला.

त्याचा अर्थ काय लावायचा ते कुणालाच कळलं नाही. बायकोने सकाळपासून किती वेळा हात तोंडाकडे गेला ते सांगायला सुरुवात केली आणि मध्येच तिला हसू फुटलं. मग वस्तादही हसले. काम निर्दोष सुटलं होतं! मॅनेजरच्या खोलीपर्यंत जायची गरजच उरली नाही. घरी जाताना मात्र त्यांचं हसू हळूहळू मावळलं. फाटकाशी थांबून ते म्हणाले, "पण मग चव कोण बघणार?"

डॉक्टरीणबाईंनीही हसून घेतलं. मग म्हणाल्या, खात्रीने काहीच सांगता येत नाही. चाखणं असेल, कामाचा ताण असेल, दोन्ही असेल. चाखणं बंद करून बघा.

त्यांनी बंद केलं. आधी नुसत्या वासावर रांधून पाहिलं. पहिल्या दिवशी सूप इतकं खारट झालं की मोटारींच्या तारा गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातल्या बायका ताटं परत घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी पुडिंग अळणी. वस्तादांना स्वतःची लाज वाटली. शेवटी त्यांनी पळी घुम्यापुढे केली, आणि घुम्याने चाखून 'हं' म्हटलं. कमी असेल तरी हं, जास्त असेल तरी हं. जेवण कसंबसं निघत राहिलं. बोटं कधी उतरली, कधी नाही. पण आठवडे गेले तसे उतरलेले दिवस वाढले, एवढं बायको भिंगं लावून सांगायची.

आणि एका सकाळी सूप उकळत असताना वस्तादांनी सवयीने डब्यात हात घातला. अंगठा आणि तर्जनी जुळली. चिमटीत मीठ आलं. किती दिवसांनी! ते तसेच उभे राहिले. डोळे भरून आले ते त्यांनी वाफेवर ढकललं.

हात पातेल्यावर नेला आणि तिथेच थांबला. टाकायचं की नाही?

"घुम्या, चाख. कमी आहे का?"

"हं."

"हं म्हणजे? कमी की बरोबर? माणसासारखं बोल ना!"

घुम्याने पळी खाली ठेवली. त्याच्या तोंडून आजवर एवढं लांब वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. "वस्ताद, मला नाही कळत. हे दुखणं येईपर्यंत इतक्या वर्षांत तुम्ही मला पळीला हात लावू दिलात का कधी? तुम्ही टाकाल ते बरोबर, एवढंच मला ठाऊक."

 राग यावा असं त्याने काही म्हटलं नव्हतं, आणि खोटंही म्हटलं नव्हतं. चिमटीतलं मीठ घामाने ओलं व्हायला लागलं होतं.

"बरं," ते म्हणाले. "मग आत्ता शीक. एका वाटीत हे असंच काढ. चाखलंस? चव लक्षात ठेव." त्यांनी मीठ सोडलं, पातेलं तळापासून ढवळलं आणि पळी पुढे केली. "आता हे चाख. घाई नको. आता बरं, की मघाशी?"

घुम्याने डोळे मिटले. वाटीतलं चाखलं, पळीतलं चाखलं, परत वाटीतलं. वस्ताद त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांची स्वतःची जीभ दातांमागे वळवळत होती. एक थेंब. एका थेंबाने काय होणार होतं? हात तळवा वर करून अर्ध्यापर्यंत गेला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून खाली घेतला.

"मघाशी," घुम्या म्हणाला. आवाज घाबरा होता. "मघाशी बरं होतं, वस्ताद. आता जास्त झालंय."

जास्त झालंय? त्यांच्या हातून? की याची जीभच अजून कच्ची? वास घेऊन बघितला, वास काही सांगेना. विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

वस्तादांनी पळी घुम्याच्याच हातात ठेवली. मग त्यांनी शेजारच्या चुलीवरचं गरम पाणी घेतलं, आणि घुम्या 'पुरे' म्हणेपर्यंत बारीक धारेने सुपात ओतत राहिले.