‘स्प्राइटली’नं घातलेला घोळ

मी बोलतोय तो एक इंग्रजी-मराठी शब्दकोश. जाडजूड, हिरव्या कापडाच्या पुठ्ठ्याचा, कोपरे झिजलेला. माझ्या पोटात चाळीस हजार शब्द आहेत. तरीही गेल्या महिन्यात एका शब्दानं माझी अशी भंबेरी उडवली, की अजून डोकं ठिकाणावर आलेलं नाही.

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझी बांधणी कच्चीच होती. कोर्टातल्या एका दुभाष्यानं मला घेतलं आणि दिवसातून पन्नास वेळा उघडून दोन वर्षांत माझी पाठ मोडली. मग त्यानं मला एका बाइंडरच्या दुकानात टाकलं. “आठवड्यानं नेतो,” म्हणाला आणि पुन्हा फिरकलाच नाही. त्याची बदली झाली, की त्याला नवा शब्दकोश मिळाला, मला आजतागायत कळलेलं नाही.

बाइंडरनं मला उसवलं, नव्यानं शिवलं, कोटाच्या उरलेल्या कापडाचा पुठ्ठा चढवला आणि वर्षभर वाट पाहून फळीवर ठेवून दिलं. तेव्हापासून मी त्याच्या घरचाच झालो.

दुकानात माणसं दोनच. तो शिवायचा, डिंक लावायचा, कापायचा. आणि त्याची बायको फर्मे दुमडायची. छापून आलेला मोठा कागद एकदा, दोनदा, तीनदा दुमडायचा आणि हाडाच्या पट्टीनं घडी दाबायची, हे तिचं काम. तिचा हात इतका चालायचा, की नवरा म्हणायचा, “अगं, जरा दमानं. मला शिवायला उसंत दे.” ती म्हणायची, “तुम्ही शिवा हो. मी काय तुमची वाट बघत बसू?” या एका भांडणावर त्यांचा चाळीस वर्षं संसार चालला.

त्यांच्या मुलीनं शाळेपासून कॉलेजपर्यंत मला वापरलं. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि मला कोणी उघडेना. मग मी वजन झालो. नुकत्याच चिकटवलेल्या पुठ्ठ्यांवर मला ठेवायचे, वाकू नयेत म्हणून. वाईट वाटायचं, पण बसून खाण्यापेक्षा बरं.

आणि एका दुपारी फर्मा दुमडता दुमडता ती स्टुलावरून कलंडली. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली.

दवाखान्यातून तिला अशा रुग्णांकडून व्यायाम करून घेणाऱ्या एका केंद्रात हलवलं. भेटायची वेळ चार ते सहा. बाइंडर रोज पावणेचारला दाराशी हजर. तो तिला भरवायचा, तिची बटणं लावायचा, केस विंचरायचा आणि संध्याकाळी दुकानात येऊन नुसता बसून राहायचा. मशीन बंद, डिंकावर साय धरलेली.

केंद्राकडून दर शनिवारी एक कागद मिळायचा, इंग्रजीत. तो वाचण्यासाठी इतक्या वर्षांनी माझ्यावरची धूळ झटकली गेली. पहिल्या कागदात होतं, स्थिर. दुसऱ्यात, सहकार्य करतात. तिसऱ्यात, प्रगती मंद. शब्द सोपे होते, मी पटापट सांगत गेलो. फार दिवसांनी कामाला आल्याचा मला आनंदही झाला, खोटं कशाला बोलू?

पाचव्या शनिवारी कागदावर ओळ आली, की त्या सकाळच्या वेळी अगदी ‘स्प्राइटली’ असतात.

बाइंडरनं चष्मा पुसला. बोट फिरवत गेला आणि घाईत ‘स्प्राइट’वर थांबला. तिथं माझ्यात छापलंय: भूत, पिशाच, यक्षिणी. तो दचकलाच. “रोज सकाळी हिच्या अंगात येतं की काय!” मी आतल्या आत ओरडत होतो, अहो वर, जरा वर! शेवटी बोट वर सरकलं. स्प्राइटली: चपळ, उत्साही, तरतरीत.

त्यानं ते तीनदा वाचलं. मग मला मिटलं आणि माझ्यावर हात ठेवून बसला. कालच तिला चमचा उचलवत नव्हता. मान एका बाजूला, डोळे अर्धे मिटलेले. आणि ही चपळ? माझ्याकडे तर तेवढेच तीन शब्द होते. मी त्याला आणखी काय देणार?

तेवढ्यात मुलीचा फोन आला. तो कागद तिलाही जायचा.

“बाबा, वाचलंत? आई आणि स्प्राइटली? तिथून दुसऱ्याच कोणाचा तरी कागद आपल्याला पाठवलाय.”

“मलाही तसंच वाटतंय गं.”

“ज्यांना पेशंट ओळखता येत नाही, त्यांच्याकडे आईला ठेवायची नाही. मी पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते आणि तिला माझ्याकडेच नेते. कायमची.”

“अगं, पण दुकान... मी...”

“तुमच्याच्यानं एकट्यानं होणार आहे का सगळं? तीन जिने चढून घर. तुम्हीच सांगा.”

 त्यानं फोन ठेवला आणि बायकोच्या रिकाम्या स्टुलावरची धूळ विनाकारण पुसत राहिला.

सोमवारी शेजारच्या शिकवणीच्या बाई वह्या शिवायला टाकायला आल्या. इंग्रजी शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यानं मला उघडून त्यांच्यापुढे धरलं.

“अर्थ बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “पण वापर बघायला हवा. हा शब्द वीस वर्षांच्या मुलीला लावला तर विचित्र वाटेल. ज्याचं वय झालंय, जो थकायला हवा होता पण थकलेला नाही, त्यालाच हा शोभतो. त्या शब्दाच्या पोटात एक ‘तरीसुद्धा’ असतो.”

“म्हणजे कौतुक की टोमणा?”

“ते म्हणणाऱ्यावर आहे.”

“आणि जो खरंच थकलाय, त्याला म्हटलं तर?”

बाईंनी मला मिटलं. “मग बहुतेक बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल.”

झालं. आता आम्ही दोघंही पुरते गोंधळलो. कागद चुकीचा, की शब्द चुकीचा, की दया? ‘तरीसुद्धा’ हा शब्द माझ्यात वेगळा आहे, आठवणीनं छापलेला आहे. पण तो दुसऱ्याच्या पोटात राहतो, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. अर्थ सांगणं हे माझं काम, आणि तोच मला अर्धामुर्धा ठाऊक! माझी पानं गार पडली.

मंगळवारी सकाळी बाइंडरनं मला पिशवीत घातलं आणि केंद्राची वाट धरली. भेटायची वेळ नव्हती. पण ‘हा शब्द तुम्ही कोणाबद्दल लिहिलात’ हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हती.

व्यायामाच्या खोलीला काचेचं दार होतं. तो तिथं येऊन थांबला. पिशवीचा बंद सुटला होता, म्हणून मलाही दिसलं.

ती चालत होती. दोन दांड्यांच्या मधून, उजवा पाय ओढत; पण चालत होती. टोकाला टेबलावर धुतलेल्या टॉवेलांचा ढीग होता. तिथं पोचली, खुर्चीवर बसली आणि डाव्या हातानं टॉवेल दुमडायला लागली. उजवं कोपर घडीवर दाबायचं आणि डाव्यानं पुढची घडी घालायची. शेजारी व्यायाम घेणारी डॉक्टरही एक टॉवेल दुमडत उभी होती; तिला सगळे ताई म्हणत. बायको तिच्यावर खेकसत होती, “अगं पोरी, कडेला कड लाव. असा दुमडलास तर पुस्तक वाकडं होईल!” जीभ जड होती, पण शब्द कळत होते. आणि खेकसता खेकसता ती हसत होती.

बाइंडर काचेला नाक लावून उभा राहिला. आधी त्याच्या तोंडावर हसू फुटलं, मग ते पुसलं गेलं. माझ्या पाठीवरची त्याची बोटं आवळली. म्हणजे रोज दुपारची ती मान, ते अर्धे मिटलेले डोळे, ते सगळं काय होतं? मला वाटलं, तो आता मागे फिरेल आणि पावणेचारला काहीच न पाहिल्यासारखा येईल. दोन पावलं तो फिरलाही. मग वळून त्यानं दार ढकललं.

तिचा हात टॉवेलावरच थांबला.

“अहो, तुम्ही आत्ता? ही काय यायची वेळ झाली?”

“तू चालतेस.”

“चार वाजेपर्यंत दमते हो मी. खरंच दमते.”

“इतकी?”

ती ताईकडे बघायला लागली. ताई गडबडून म्हणाली, “मला वाटलं, काकांना माहीत असेल. मी लिहिलं होतं की.”

त्यानं मला पिशवीतून काढून पान ताईपुढे धरलं. “हाच शब्द ना?”

“हाच. दुसरा सुचला नाही. त्या रोज सकाळी मला ओरडतात, त्याला इंग्रजीत काय लिहू?” म्हणत ताई हळूच बाहेर गेली.

 मग बायको बोलली, अडखळत, एकेक शब्द निवडत.

“पहिल्या आठवड्यात तुमचे हात कापायचे. पाण्याचा पेला धरवत नव्हता तुम्हाला. मला भरवायला बसलात की कापायचे थांबायचे. मी म्हटलं, भरवू दे.”

“मला वाटलं, तुझ्याच्यानं होत नाही.”

“तेही खरंच होतं की. नंतर व्हायला लागलं. पण सांगायचं कसं? तुम्ही रोज इतक्या लगबगीनं यायचात.”

बाइंडर खुर्ची ओढून बसला. त्याला राग आला होता की रडू, हे मला ओळखता आलं नाही. त्यालाही आलं नसावं. त्यानं एक टॉवेल उचलला आणि दुमडायला लागला. तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. “कड बघा आधी,” म्हणाली.

रविवारी मुलगी आली, गाडी घेऊन, आईसाठी दोन नवे गाउन घेऊन. मी तेव्हाही पिशवीतच होतो. बाहेर काढायचं कोणाला सुचलंच नव्हतं. आई खाटेवर बसली होती. मुलगी सामान भरायला लागली, तशी आई उठली. दांड्या नाहीत, ताई नाही. एक पाऊल, दोन, चार. पाचव्याला गुडघा लचकला. बाइंडरचा हात झपकन पुढे गेला, आणि मध्येच त्यानं तो मागे घेऊन खिशात घातला. खिशातली मूठ दिसत होती. तिनं शेजारच्या खाटेची कड पकडली, श्वास घेतला आणि लेकीपर्यंतची उरलेली तीन पावलं टाकली.

“मी दुकानात जाणार,” ती लेकीला म्हणाली.

“अगं, तीन जिने!”

“जिने घराला आहेत. दुकान खालीच आहे. मागच्या खोलीत खाट टाका.”

“बाबा, तुम्ही तरी काही बोला!”

“मी काय बोलणार?” बाइंडर म्हणाला. “तिचं तिनं सांगितलंय.”

मुलगी गाउन हातात घेऊन मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आईनं डाव्या हातानं तिचं डोकं थोपटलं. “दर महिन्याला येत जा,” म्हणाली. “मला ओरडायला माणूस लागतं.”

आता मी दुकानात, टेबलाच्या कडेला असतो. मागच्या खोलीत खाट आहे. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. काही सकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते, आणि माझे तिन्ही शब्द तिला लागू पडत नाहीत. काही सकाळी आठ फर्मे दुमडते, त्यातले दोन वाकडे. त्या शब्दाचा नेमका अर्थ मला अजूनही सांगता यायचा नाही. म्हणून मला उघडणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगतो, की अर्थ माझ्यात जरूर बघा, पण ज्याच्याबद्दल तो लिहिलाय त्या माणसाला एकदा अवेळी जाऊन भेटून या.

आज ती स्वतःची बटणं स्वतः लावते आहे. पाच बटणं. बाइंडरला ते बघवत नाही, म्हणून तो दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून उभा आहे. चौथं लागलं. पाचवं निसटलं, पुन्हा निसटलं. आतून शिवी ऐकू आली; ती काही माझ्यात छापलेली नाही. त्याचे खांदे हलले, पण तो वळला नाही.

“अहो,” तिची हाक आली, “झालं. या आता, शिवायला बसा. मी काय तुमची वाट बघत बसू?”