पाऊण किलोचा नारंगी आडोसा

मित्रांनो, मी एक जुना नारंगी आडोसा आहे. तंबू नव्हे. तंबूला काठ्या लागतात, दोऱ्या लागतात; माझे तसले नखरे नाहीत. मी म्हणजे नायलॉनची एक भलीमोठी पिशवी. डोंगरावर कुणी अडकलं, की सगळ्यांनी गोल उभं राहायचं, मला डोक्यावरून ओढून घ्यायचं आणि माझ्या कडा बुडाखाली दाबून एकदम बसायचं. झालं घर! आत गुडघ्याला गुडघे भिडतात आणि सहा जणांच्या श्वासानेच ऊब येते.

एफी गिलीसने मला घेतलं त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हा ती गावात पत्रं वाटायची. आमच्या स्कॉटलंडात तीन हजार फुटांवरच्या दोनशे ब्याऐंशी शिखरांची एक यादी आहे. एकेक शिखर चढायचं आणि घरी येऊन त्याच्या नावापुढे खूण करायची, या वेडापायी इथली माणसं सुट्टीचा दिवस आनंदाने पावसात घालवतात. एफी त्यांतलीच. तिच्या पाठीवर बसून मी शंभराहून जास्त शिखरं पाहिली. मला उघडायची वेळ क्वचितच आली, पण निघताना ती म्हणायची, "हा आहे म्हणून मी बिनघोर आहे." या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं फुगून राहिलो.

मग तो आला. एफीचा मुलगा रूरी याने आईच्या वाढदिवसाला आणला. करड्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा, दोन माणसांचा आडोसा. रूरीला वजनाचं भारी खूळ. पाठीवर ओझं नको म्हणून या पठ्ठ्याने टूथब्रशची मूठ कापलेली, नकाशाच्या कडा कातरलेल्या. स्वयंपाकघरातल्या पिठाच्या काट्यावर त्याने आधी मला ठेवलं. पाऊण किलो. मग त्याला ठेवलं, तर पाव किलोही भरेना. एफीने तो हवेत उडवून झेलला आणि हसली. मित्रांनो, मला कुणी कधी झेललं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खरं तर मायलेक दोघंच हिंडायचे, त्यांना तो पुरत होता. पण जळणाऱ्याला हिशेब कुठे कळतो? शेवटच्या फेरीत मी भिजलो होतो. तसाच ओला घडी करून मला जिन्याखालच्या कपाटात कोंबलं. नव्याचे नऊ दिवस, असं मी स्वतःला समजावत बसलो. पण त्या नऊ दिवसांची दोन वर्षं झाली. दर रविवारी तो मिरवत निघायचा आणि मी अंधारात कुबट वासात पडून मनापासून मागायचो, की मेला फाटू दे एकदाचा.

अखेर एफीच्या यादीत एकच शिखर उरलं. शेवटचं शिखर कुणी एकटं चढत नाही, अशी आमच्याकडची रीत. मैत्रमंडळी सोबत येतात, माथ्यावर केक कापतात, बाटली उघडतात. एफीची जिवलग मैत्रीण जेसी, जेसीचा नवरा अँगस आणि पोस्टातल्या दोघी असे चौघं येणार होते. रूरीने सामान भरलं आणि सवयीने दोघांचाच आडोसा घेतला. वाचलेल्या वजनात काचेची बाटली नि सहा पेले बसवले. बघा म्हणजे! मी जड आणि काच हलकी! तो गाडीकडे गेला, तशी एफीने कपाट उघडलं. खडकावर बसायला होईल, असं पुटपुटत तिने मला पिशवीच्या तळाशी सारलं. बैठक म्हणून का होईना, मी निघालो.

माथा अर्ध्या तासावर होता. जेसीचा पाय ओल्या दगडावरून सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. तेवढ्यात धुकं उतरलं, बर्फाळ पावसाचा मारा सुरू झाला. अँगसने फोन लावला. बचाव पथकाला पोचायला तीन तास लागणार होते. रूरीने तो करडा काढला. त्यात जेसी नि अँगस कसेबसे मावले आणि चौघं बाहेर भिजत राहिली.

खोटं कशाला बोलू? तळाशी पडल्या पडल्या मी म्हटलं, बरी जिरली! आणि मग वर एफीचे दात वाजताना ऐकू आले. एकवीस वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. माझा आनंद तिथेच आटला.

"रूरी, वजन केलंस रे बाबा, पण डोकी मोजलीस का?" एफी म्हणाली.

तिने मला उपसून काढलं. सगळ्यांनी मला डोक्यावरून ओढून घेतलं आणि सगळी एकदम बसली. बसताच माझी शिवण वीतभर उसवली. दोन वर्षं ओलीत कुजली होती ती. वारा थेट जेसीच्या मानेवर येऊ लागला. दुसऱ्याने फाटावं म्हणून मागत होतो आणि फाटलो मीच. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रूरीने तो करडा जेसीच्या पायापासून मानेपर्यंत गुंडाळला आणि त्याचा उरलेला पदर माझ्या भगदाडात घट्ट कोंबला. वारा थांबला. तीन तास आम्ही दोघं असे अंगाला अंग लावून होतो. तो एका शब्दाने फुशारकी मारेना. त्याने कधीच मारली नव्हती. ती सगळी माझ्याच डोक्यातली होती. धुक्यात पथकाला लांबून दिसला तो मात्र माझा नारंगी रंग. तेवढं श्रेय मी सोडणार नाही.

एफीने माथ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जेसीच्या स्ट्रेचरमागून ती खाली उतरली. घरी आल्यावर तिने माझी शिवण घातली आणि आम्हा दोघांना एकाच दोरीवर वाळत टाकलं. ऑगस्टमध्ये जेसीचा पाय बरा झाला, तेव्हा सगळे परत निघाले. रूरीने गाडीपाशी बोट दाखवत दोनदा डोकी मोजली आणि मला उचललं. शेवटच्या शिखरावर एफीने केक खाल्ला तो माझ्यावर बसून.

मित्रांनो, डोंगरावर जाताना आधी माणसं मोजा, मग वजन करा. आणि आडोसा कुठलाही असो, वाळवल्याशिवाय कपाटात टाकू नका. आज रविवार आहे. मायलेक दोघंच निघाले आहेत, म्हणून करडा गेला आणि मी खुंटीवर आहे, खडखडीत कोरडा. जळतो मी अजून, स्वभावाला औषध नाही. पण दार लागताना आज त्याला म्हटलं, "नीट घेऊन ये रे तिला."