पाठीत गोळी घालणारा जावई

सिनेमा होता घोडे, धूळ आणि बंदुकांचा. त्यातल्या लाडक्या दरोडेखोराला त्याच्याच जोडीदाराने पाठीत गोळी घातली आणि अख्खं थिएटर ढसाढसा रडलं. गोळी घालणारा नट आमच्याच गल्लीतला. गोळी घालायला त्याला एक दिवस लागला, निस्तरायला वर्ष गेलं. न्हावी म्हणाला, "बाबा रे, तुझी दाढी तूच कर." रांगेत त्याच्यापुढे कोणी उभं राहीना, म्हणून दूध मात्र पहिलं मिळायचं.

अशा माणसाचं टेलर मास्तरांच्या मुलीशी जमलं. आणि मास्तरांनी तो सिनेमा अकरा वेळा पाहिलेला, या खेपेला तरी दरोडेखोर मागे वळून बघेल या आशेने!

एका सकाळी नट मागणी घालायला दुकानात आला. भिंतीकडे तोंड करून शिवत बसलेले मास्तर स्टुलावर गर्रकन फिरले. आता पाठ मशीनकडे, डोळे नटावर, टाच पायडलवर, आणि हात मागे नेऊन शिवण चालूच.

"बाबा, बघून शिवा," काजं करत बसलेली मुलगी म्हणाली.

"चाळीस वर्षं शिवतोय. मशीनवर विश्वास आहे माझा. ह्याच्यावर नाही."

"काका, मी नुसता नट आहे हो."

"काका म्हणू नकोस! सिनेमात त्यालाही दादा दादाच म्हणत होतास!"

मशीन खर्रकन अडलं. मास्तर उठायला गेले, तर मशीनही उठायला लागलं. स्वतःचा शर्ट त्यांनी गिऱ्हाइकाच्या पँटला शिवून टाकला होता.

"पोरी, काप गं हे."

"मला नाही बाई जमणार," दिवसभर कात्री चालवणारी लेक म्हणाली आणि तिने कात्री नटाच्या हातात ठेवली.

मास्तर पांढरेफटक पडले. "मागून येऊ नकोस!"

"मग काय, पोटातून कापत येऊ?"

मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. एकेक टाका सुटत गेला. सुटका झाल्यावर त्यांनी आधी पँट तपासली, मग शर्ट, मग स्वतःची पाठ.

"कापडाला धक्का नाही. कुठे शिकलास?"

"घरी. वर्षभर एक शिंपी माप घ्यायला तयार नाही. तुम्हीसुद्धा."

मास्तर ओशाळले. टेप काढला. लग्नाचा कोट त्यांनीच शिवला.

लग्नात फोटोग्राफर ओरडून थकला, "मुलीचे वडील, पुढे या ना!"

मास्तर शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ चिकटवून उभे. "जावयावर पूर्ण विश्वास आहे माझा," ते म्हणाले. "पण इथूनच."